लॉकडाऊननंतर कुत्र्याला पुन्हा टेकडीवर नेताना

प्रश्न जून २०२० मधला, कोरोनाचा पहिला लॉकडाऊन सैल झाला तेव्हाचा, थोडक्यात असा. पुण्याच्या कोथरूडमधलं कुटुंब, साडेतीन वर्षांचा लॅब्राडोर (लॅब्रा), नाव ब्रूनो. मार्चपर्यंत रोज पहाटे वेताळ टेकडी, वरच्या दगडखाणीपर्यंत जाऊन येणं, वर पोचलं की पट्टा सोडलेला. २४ मार्चपासून सोसायटीच्या आवारात दोन फेऱ्या आणि संध्याकाळी गच्ची, एवढंच. वजन ३० किलोवरून ३४ वर गेलंय, मास्क लावलेल्या माणसावर भुंकतो, पट्टा ओढतो. आता बाहेर फिरायला परवानगी मिळाली आहे. लगेच पूर्वीसारखं न्यायला हरकत आहे का? त्याला कोरोना होईल का? परत आल्यावर पंजे सॅनिटायझरने पुसायचे का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: न्या, पण मार्चमध्ये जिथे थांबलात तिथून सुरुवात करू नका. दहा आठवडे फरशीवर चाललेला, चार किलो वाढलेला, बाहेरचा माणूस क्वचितच पाहिलेला कुत्रा टेकडीच्या दृष्टीने नवखाच असतो. गोंधळ असा होतो की तो स्वतःला नवखा समजत नाही. पायथा दिसला की त्याला सगळं आठवतं आणि तो पूर्वीच्याच वेगाने सुटतो. त्याला आवरायचं काम पहिले तीन-चार आठवडे तुमचं आहे.

आधी एकदा कुत्र्याला न घेता जाऊन या. लॉकडाऊन टप्प्याटप्प्याने उठवण्याच्या राज्य सरकारच्या ‘मिशन बिगिन अगेन’ आदेशाप्रमाणे ३ जून २०२० पासून मोकळ्या जागी चालणं, पळणं, सायकल चालवणं याला पहाटे ५ ते संध्याकाळी ७ या वेळात मुभा होती. घोळक्याने जायचं नाही, आणि घराजवळच्याच जागी जावं असं त्यात म्हटलं होतं. तुमची गल्ली प्रतिबंधित क्षेत्रात (कंटेनमेंट झोनमध्ये) असेल तर हे काहीच लागू नव्हतं. त्यातून ३ जूनलाच निसर्ग चक्रीवादळ आलं आणि पुण्यात बरीच झाडं पडली. म्हणून स्वतः पाहून या: तुमच्या बाजूची वाट उघडी आहे का, पडलेल्या फांद्यांनी कुठे अडली आहे का, जाताना लोंबकळणारी वायर आहे का, सहा वाजता किती गर्दी असते, आणि मुख्य म्हणजे भटकी कुत्री आता कुठे बसतात. या शेवटच्या मुद्द्याकडे पुढे परत येतो, कारण लॉकडाऊनच्या अडीच महिन्यांत सगळ्यात जास्त बदल तिथेच झाला आहे.

आता कोरोना. जून २०२० पर्यंत जगात ज्या थोड्या कुत्र्यांमध्ये हा विषाणू सापडला त्यांच्या घरात आजारी माणूस होता, म्हणजे लागण माणसाकडून कुत्र्याकडे गेली. हाँगकाँगमधला १७ वर्षांचा पॉमेरेनियन हे त्यातलं पहिलं गाजलेलं उदाहरण. प्रयोगशाळेत पाहिलं तेव्हा मांजरांत हा विषाणू सहज वाढला, कुत्र्यांत फारसा नाही. पाळीव कुत्र्याने माणसाला कोविड दिला असं दिसलेलं नाही. तेव्हा ब्रूनोची भीती नको, माणसांची ठेवा. टेकडीवर दहा जण येऊन त्याच्या डोक्यावरून हात फिरवणार आणि मग तुम्ही तोच हात तोंडाला लावणार, एवढी साखळी तोडली की पुरे. ‘सध्या हात नका लावू, काका’ हे हसून पण आधीच सांगायचं, हात पुढे आल्यावर नाही.

एक गैरसमज वाटेतच काढून टाकतो. ब्रूनोच्या लसीकरणाच्या पुस्तिकेत कदाचित ‘कोरोना’ असा शब्द दिसेल. तो कुत्र्यांच्या आतड्याच्या वेगळ्या विषाणूसाठी आहे, त्याने जुलाब होतात. त्या लशीचा कोविडशी संबंध नाही, ना कुत्र्यासाठी ना माणसासाठी. ती लस माणसाने टोचून घेण्याचा तर प्रश्नच येत नाही.

सॅनिटायझर पंजांना अजिबात नको. त्यातल्या ६०-७० टक्के अल्कोहोलने पंजाच्या गाद्या कोरड्या पडतात, भेगा पडतात, आणि कुत्रा पंजे चाटतो म्हणजे ते पोटातही जातं. डेटॉल आणि फिनेल त्याहून वाईट, त्यांनी तोंडात आणि जिभेवर फोड येऊ शकतात. साधं पाणी, त्यात थोडा कुत्र्याचा किंवा लहान मुलांचा शाम्पू, बोटांच्या मधून पुसायचं, स्वच्छ पाण्याने धुवायचं आणि पूर्ण कोरडं करायचं. पावसाळ्यात हे कोरडं करणंच महत्त्वाचं, बोटांच्या बेचक्यात ओल राहिली की आठवड्यात बुरशी धरते. आणखी एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही: कोरोनाच्या त्या दिवसांत बऱ्याच सोसायट्या फाटकाशी, जिन्यात, लिफ्टसमोर सोडियम हायपोक्लोराइट (ब्लीचसारखं जंतुनाशक) फवारत होत्या. ते ओलं असताना कुत्रा त्यावरून चालला आणि घरी येऊन पंजे चाटले, तर लाळ गळणं, उलटी, पंजे लाल होणं हे सगळं होतं. फवारणीची वेळ विचारून घ्या आणि फरशी वाळेपर्यंत थांबा. थांबणं शक्य नसेल तर बाहेर पडल्यावर लगेच बाटलीतल्या पाण्याने पंजे धुवा.

टेकडीवर जाण्यापूर्वी पुस्तिका उघडा. २०२० च्या एप्रिल-मेमध्ये ज्यांची वार्षिक लस होती त्यातल्या अनेकांची राहून गेली. रेबीजची राहिली असेल तर टेकडी नंतर, आधी ती. दुसरी चिंता लेप्टोची. उंदराच्या लघवीतून पावसाच्या पाण्यात उतरणारा हा आजार जून ते ऑक्टोबरमध्येच वाढतो, आणि त्याच्या लशीचं संरक्षण साधारण वर्षभरच धरतात. मागच्या डोसला पंधरा महिन्यांहून जास्त झाले असतील तर एकाच डोसवर भागत नाही. तीन-चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस पुन्हा द्यावे लागतात, आणि संरक्षण त्यानंतर तयार होतं. तोवर डबक्यात पाय नको, डबक्याचं पाणी तर नकोच.

गोचिडांचं औषधही मार्चपासून बंद असेल. ‘घरातच तर आहे’ म्हणून बहुतेकांनी थांबवलं. तपकिरी गोचीड भिंतीच्या फटीत आणि जिन्याखाली मजेत राहते आणि पावसाच्या दमट हवेत तिची संख्या वाढते. तिच्यामुळे होणारे एर्लिकिया आणि बबेसिया हे ताप पुण्यात नेहमीचेच आहेत. तोंडातून द्यायच्या गोळ्यांपैकी काही महिनाभर, काही तीन महिने चालतात. फिटचा त्रास असलेल्या कुत्र्याला मात्र त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नयेत. मानेवर सोडायचे थेंब वापरत असाल तर आधी आणि नंतर दोन-दोन दिवस आंघोळ नाही. लोक आदल्या दिवशी न्हाऊ घालून, स्वच्छ कोरड्या कातडीवर थेंब टाकतात आणि मग औषध लागू पडलं नाही म्हणतात. हे थेंब कातडीवरच्या तेलातून पसरतात, शाम्पूने ते तेलच निघून गेलेलं असतं.

आता शरीर. चार किलो हे ऐकायला थोडं वाटतं, पण तीस किलोच्या कुत्र्यासाठी ते तेरा टक्के आहे, म्हणजे सत्तर किलोचा माणूस एकोणऐंशीचा व्हावा तसं. लॉकडाऊनमध्ये घरातली सगळी माणसं दिवसभर घरात आणि प्रत्येकाच्या ताटातला पोळीचा तुकडा ब्रूनोला. एका पोळीत तूप न लावताही ८० ते १०० कॅलरी असतात. तीस किलोच्या लॅब्राला दिवसाला साधारण १२०० ते १३०० लागतात. प्रत्येकाने अर्धी-अर्धी दिली तरी रोज दोन पोळ्या वरकड होतात. त्या आधी बंद करा. नंतर रोजचं खाणं दहा-पंधरा टक्क्यांनी कमी करून त्या जागी उकडलेला दुधी, फरसबी किंवा गाजर घाला. आठवड्याला ३०० ग्रॅम उतरलं तर उत्तम. या हिशेबाने पूर्वीचं वजन यायला तीन महिने लागतील आणि ते ठीक आहे. वजन करायला घरचा काटा चालतो: कुत्र्याला उचलून उभं राहा, मग एकट्याने, आणि वजाबाकी करा. ३४ किलो उचलवत नसेल तर बरगड्यांवरून हात फिरवा. सरळ पसरलेल्या हाताच्या पाठीवरून बोट फिरवल्यावर हाडं जशी लागतात तशा बरगड्या लागायला हव्यात. तळहातावरून फिरवल्यासारखं मऊ लागत असेल तर अजून चरबी आहे.

नखं बघा. खडकावर चालणाऱ्या कुत्र्याची नखं आपोआप झिजतात, फरशीवरच्याची नाही. फरशीवर चालताना टकटक आवाज येत असेल तर ती लांब आहेत. लांब नखांनी बोटं वर उचलली जातात, पकड जाते आणि उतरताना नख मुळापासून फाटतं. पांढऱ्या नखात गुलाबी भाग दिसतो, त्याच्या अलीकडे दोन मिलीमीटर थांबायचं. काळ्या नखात काही दिसत नाही, म्हणून एका वेळी तांदळाएवढाच काप घ्यायचा. कापलेल्या पृष्ठभागाच्या मध्ये गडद ठिपका दिसू लागला की थांबायचं. पुढच्या पायाच्या आतल्या बाजूचं, जमिनीला न टेकणारं नख विसरू नका, सगळ्यात जास्त तेच वाढलेलं असतं. रक्त आलंच तर कॉर्नफ्लोअर दाबून धरा. पंजाच्या गाद्याही मऊ पडलेल्या असतात. त्यांना टणक करायला कुठलं मलम नाही, खरखरीत जमिनीवर रोज थोडं थोडं चालणं हाच उपाय.

आता चढण. पहिला आठवडा पायथ्याशीच, सपाटीवर, एका वेळी १५ ते २० मिनिटं. टेकडी दिसत असताना तिच्यावर न चढणं तुम्हालाच जास्त जड जाईल. दुसऱ्या आठवड्यात चढणीचा पहिला एक तृतीयांश हिस्सा, दर पाच मिनिटांनी एक मिनिट थांबा, एकूण अर्धा तास. तिसऱ्या आठवड्यात दोन तृतीयांश, आणि सगळं नीट असेल तर चौथ्यात खाणीपर्यंत. पुढे जायचं की नाही हे वर असताना ठरवू नका, दुसऱ्या दिवशी सकाळी ठरवा. झोपेतून उठताना मागचे पाय ताठ आहेत का, जिन्याशी घुटमळतो का, पंजे चाटतो का? यातलं काही दिसलं तर एक दिवस विश्रांती आणि पुन्हा आधीच्या आठवड्याचं अंतर.

दुखापत चढताना कमी आणि उतरताना जास्त होते. उतारावर शरीराचा भार पुढच्या पायांवर आणि खांद्यांवर येतो, आणि वजन वाढलेला कुत्रा त्यात धावत सुटतो. उतरताना पट्टा आखूड, वाट नागमोडी. चेंडू फेकणं पहिला महिनाभर पूर्ण बंद. धावताना अचानक गर्रकन वळलं की गुडघ्याच्या आतला अस्थिबंध तुटतो. जाड लॅब्रामध्ये हे इतक्या वेळा होतं की त्यात नवल राहिलेलं नाही, आणि शस्त्रक्रियेनंतर तीन-चार महिने पुन्हा घरातच बसणं येतं. धावल्यावर मागचा पाय अचानक अधांतरी धरला आणि टेकवायला तयार नसेल तर मालीश वगैरे न करता थेट दवाखाना.

वेळ पहाटेचीच ठेवा. जूनच्या सुरुवातीला पुण्यात सूर्योदय सहाच्या सुमारास होतो. साडेपाचला निघालात तर वाट दिसण्याइतका उजेड असतो आणि सातपर्यंत परत. संध्याकाळी तेव्हा सातची मर्यादा होती, आणि पाऊस लांबला असेल तर पाच वाजता डांबर आणि कातळ अजून तापलेले असतात. तळहाताची मागची बाजू जमिनीवर सात सेकंद ठेवा. ठेववत नसेल तर कुत्र्यालाही नको. पहिल्या पावसानंतरची ‘छान गार’ वाटणारी सकाळ फसवी असते. कुत्रा घामाने जवळजवळ गार होतच नाही, धापा टाकून तोंडातली ओल वाळवून गार होतो, आणि हवा दमट असली की ती ओल वाळत नाही. जीभ चमच्यासारखी रुंद बाहेर आली, हिरड्या विटकरी लाल झाल्या, चालताना झोकांडी गेली, की तिथेच सावलीत बसवायचं आणि पोट, काखा, जांघा, पंजे साध्या पाण्याने भिजवायचे. भिजवलेला टॉवेल अंगावर पांघरू नका, त्याच्याखाली उष्णता कोंडते. पाणी ओतत राहा, वारा घाला आणि दवाखान्यात न्या. कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९.२ अंश सेल्सिअस असतं, ४१ च्या वर गेलं की अवयवांना इजा सुरू होते. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला या दिवसांत चढण नकोच.

पाणी घरचं न्या. ब्रूनोसाठी पाऊण ते एक लिटर, आणि दर पंधरा मिनिटांनी थोडं थोडं. निघण्यापूर्वी दोन तास आणि आल्यानंतर तासभर पोटभर खाणं नाही. खाणीतलं पाणी पिऊ देऊ नका. तिच्या कडा सरळ उतरतात आणि पावसानंतर सुटलेले दगड असतात. तिथे पट्टा सुटलेला कुत्रा म्हणजे त्याच्यामागे उतरणारा मालक.

मास्कवरच्या भुंकण्याचं कारण साधं आहे. कुत्रा माणसाचा चेहरा वाचतो, आणि मास्कने तोंड, गाल, हसू सगळं झाकलं जातं. उरतात फक्त रोखलेले डोळे, आणि कुत्र्यांच्या भाषेत रोखून बघणं म्हणजे आव्हान. सुरुवात घरातून करा. पहिले दोन दिवस मास्क हातात धरून त्याला हुंगू द्या आणि बक्षीस म्हणून खाऊचा तुकडा भरवा. मग एका कानाला अडकवलेला, मग हनुवटीवर, मग पूर्ण लावलेला पण फक्त दहा सेकंद, आणि त्यातच त्याचं जेवणाचं भांडं खाली ठेवायचं. हे घरातल्या प्रत्येकाने करायचं, नाहीतर ‘आईचा मास्क चालतो, बाबांचा नाही’ असं होतं. त्यानंतर जिन्यात शेजाऱ्यांना लांबून उभं करा आणि आधी नाव घेऊन बोलायला सांगा. आवाज ओळखीचा लागला की बहुतेक कुत्री निवळतात. टेकडीवर अनोळखी मास्कवाला येताना दिसला की भुंकण्याची वाट पाहू नका. ब्रूनोने त्याला पाहिलं आणि अजून गप्प आहे, त्याच क्षणी खाऊ. जांभई देणं, ओठ चाटणं, मान फिरवणं, शेपटी ताठ होणं ही भुंकण्याआधीची चिन्हं आहेत. ती दिसली तर अंतर कमी पडलंय, वीस-पंचवीस फूट बाजूला व्हा. भुंकल्यावर पट्ट्याला झटका देणं ही नेहमीची चूक. त्यातून तो एवढंच शिकतो की मास्कवाला आला की मान दुखते. आणि तुमच्यासाठी: चढताना मास्क घामाने भिजतो, भिजला की श्वास घेववत नाही. कापडी दोन न्या.

पट्टा सहा फुटांचा, सुती किंवा नायलॉनचा, म्हणजे कोरोनाकाळातला अंतराचा नियम आपोआप पाळला जायचा. डबीतून दोरी सुटणारा, आपोआप गुंडाळणारा पट्टा टेकडीवर नको. दोरी दुसऱ्या माणसाच्या पोटरीला गुंडाळली की भाजल्यासारखा वळ उठतो, आणि हातातून डबी पडली तर ती खडखडत मागे येते म्हणून घाबरलेला कुत्रा आणखी जोरात पळतो. ओढणाऱ्या कुत्र्याला छातीच्या पुढे कडी असलेला हार्नेस (गळ्याऐवजी छातीभोवती बांधायचा पट्टा) चांगला, ओढलं की तो बाजूला वळतो. पाठीवरच्या कडीने ओढण्याला उलट बळ मिळतं, बैलगाडीचं जू तसंच काम करतं.

‘पूर्वी हाक मारली की यायचा’ यावर आज विसंबू नका. बोलावल्यावर येणं ही सवय आहे आणि दहा आठवडे ती वापरलेली नाही. वापरली असेल तर आंघोळीसाठी, म्हणजे बिघडलीच. शब्द बदला. आपल्याकडे मराठी घरातल्या कुत्र्यालाही ‘कम’ म्हणतात. तो शब्द खराब झाला असेल तर ‘ये ये’ किंवा शिटी घ्या. दहा मीटरची दोरी, आठ-दहा मिलीमीटर जाडीची, एकही गाठ नसलेली, हार्नेसच्या पाठीच्या कडीला अडकवा. गळपट्ट्याला कधीच नाही, दहा मीटर धावून झटका बसला तर मानेला इजा होते. हातात जाड हातमोजे. प्रत्येक फेरीत दहा वेळा बोलवा, एकदाच हाक, आणि आल्यावर वाटाण्याएवढा उकडलेल्या कलेजीचा किंवा पनीरचा तुकडा. दहापैकी नऊ वेळा आला तरच पुढच्या, जास्त गर्दीच्या जागी. दहापैकी नऊ वेळा आल्यावर परत सोडून द्यायचं, दहाव्यांदाच पट्टा. फक्त घरी जायच्या वेळी बोलावलं जाणारा कुत्रा आठवड्याभरात हिशेब शिकतो.

आणि तरीही, पावसाळा संपेपर्यंत टेकडीवर पट्टा सोडू नका असंच सांगेन. टेकडीवर मोर आहेत, आणि मोर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतो. जून ते सप्टेंबर हा लांडोरीचा अंडी घालण्याचा काळ, आणि ती जमिनीवरच घालते. टिटवीही उघड्या मुरमावर घालते, मातीत मिसळून जातील अशी. अडीच महिने माणसांची वर्दळ नव्हती, त्यामुळे वाटेच्या अगदी कडेला घरटं असण्याची शक्यता त्या वर्षी नेहमीपेक्षा जास्त. टिटवी डोक्यावरून ओरडत घिरट्या घालू लागली तर अंडी जवळ आहेत, आल्या पावली मागे फिरा. लॅब्राला मारायचं नसतं, तोंडात धरून आणायचं असतं, हे खरं आहे. अंड्याला मात्र दोन्ही सारखंच.

भटक्या कुत्र्यांचा मुद्दा. हॉटेलं, वडापावच्या गाड्या, कॉलेजांची कॅन्टीन बंद झाली आणि त्यावर जगणारी कुत्री हलली. त्यातून लोकांनी नव्या जागी खाणं घालायला सुरुवात केली, ते चांगलंच केलं, पण प्रत्येक खाण्याच्या जागेभोवती नवी हद्द तयार झाली. मार्चमध्ये जी टोळी ब्रूनोला ओळखत होती ती आज तिथे नसेल, असलेली त्याला ओळखणार नाही. खाणं घालायच्या वेळी तिथून जाऊ नका. टोळी दिसली की थांबू नका, पळू नका. ब्रूनोला तुमच्या दुसऱ्या बाजूला घ्या आणि मोठा वळसा घालून चालत राहा. पावसाळ्यात एक चांगलं साधन हातातच असतं, छत्री. पुढे आलेल्या कुत्र्याच्या तोंडासमोर ती फाटकन उघडली की बहुतेक वेळा तो थबकतो आणि दोघांची नजरानजर तुटते. मात्र छत्री उघडण्याची सवय ब्रूनोला घरी आधी लावा, नाहीतर सगळ्यात आधी तोच पळेल. भांडण जुंपलंच तर मध्ये हात घालू नका. तोंडावर पाणी ओता, नाहीतर दोन माणसांनी दोघांचे मागचे पाय धरून उलट दिशांना ओढा. चावा बसला, तुम्हाला किंवा त्याला, तर साबण आणि वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा. कोरोनाच्या भीतीने दवाखान्यात जाणं पुढे ढकलू नका, रेबीजवर नंतर उपाय नाही. ब्रूनोची वार्षिक लस झालेली असली तरी त्यालाही चाव्यानंतरचा डोस लागतो.

२०२० चा नवा धोका म्हणजे टाकलेले मास्क. घामाचा, थुंकीचा वास असलेलं मऊ कापड लॅब्राला खाऊच वाटतो. नाकावरची तार, इलास्टिक, सगळं आतड्यात अडकतं. ‘सोड’ हा शब्द पक्का करा: एका मुठीत बिस्किट, तो हुंगायचं थांबवून मागे झाला की दुसऱ्या हातातून त्याहून चांगला खाऊ. गिळलाच तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका, मिठानेच विषबाधा होते. दोन तासांच्या आत डॉक्टरांकडे नेलं तर बहुधा औषधाने उलटी काढता येते. त्यानंतरच्या दोन-तीन दिवसांत वारंवार उलटी, न खाणं, शी करताना कुंथणं दिसलं तर एक्स-रे किंवा सोनोग्राफी.

पाऊस लागला की साप. टेकडीवर गवत वाढेल तसं वाटेबाहेर नाक खुपसू देऊ नका. चावा बसला असा संशय आला तरी पट्टी आवळणं, चीर देणं, चोखणं यातलं काहीच करायचं नाही. चालवू नका, उचलून खाली आणा. आपल्याकडचं प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालतं, तेव्हा साप पकडायला किंवा फोटो काढायला थांबण्याची गरज नाही. ते कुठल्या प्राण्यांच्या दवाखान्यात आत्ता उपलब्ध आहे आणि तो दवाखाना पहाटे सहाला उघडतो का, हे आज फोन करून विचारून ठेवा. लॉकडाऊनमध्ये बऱ्याच दवाखान्यांच्या वेळा बदलल्या होत्या.

घरी आल्यावर चपला दाराबाहेर, तुमचे हात साबणाने, मग पट्टा आणि हार्नेस साबणाच्या पाण्यात. रोज धुवायचे म्हणून दोन जोड ठेवा, चामड्याचा पट्टा पावसाळ्यात बाजूलाच. ब्रूनोला रोज आंघोळ नको, पंजे आणि पोट पुसणं पुरेसं. मग पाच मिनिटं हात फिरवून तपासणी: कानांच्या आत, गळपट्ट्याखाली, काखेत, बोटांच्या मध्ये. गोचिडीसाठी, आणि उन्हाळ्याच्या वाळक्या गवताच्या कुसळांसाठीही. कुसळ एकदा कातडीत शिरलं की पुढेच सरकतं, मागे येत नाही. एकच पंजा सतत चाटतोय आणि बोटांमध्ये फोड आहे, तर ते बहुधा कुसळच. गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची, पिरगाळायची नाही, तेल किंवा रॉकेल लावायचं नाही.

आणि गच्ची सोडू नका. आठवड्यातून दोन दिवस टेकडीऐवजी गच्चीवरच खाऊ लपवून शोधायला लावा, अर्ध्या तासात चांगला दमतो. उद्या तुमची इमारत सील झाली, तर रोजच्या टेकडीची पुन्हा चटक लागलेला कुत्रा दाराशी रडत बसेल आणि अडीच महिन्यांची तीच गोष्ट नव्याने सुरू होईल. त्याच हिशेबाने एक पिशवी भरून ठेवा: लसीकरणाची पुस्तिका, पंधरा दिवसांचं खाणं, चालू औषधं, आणि घरातल्या सगळ्यांना विलगीकरणात जावं लागलं तर ब्रूनोला सांभाळायला तयार असलेल्या ओळखीच्या माणसाचा नंबर. त्या माणसाला एकदा मास्क लावून पायथ्याशी बोलवा आणि पट्टा त्याच्या हातात देऊन दहा मिनिटं चालवून बघा.